घरात खायला पुरत नाही आणि दिवस गेलेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"आता चांगलं खा हं," असं गरोदर बाईला जो तो सांगतो. घरात खायला आहे का, हे मात्र फार थोडे विचारतात. खालची उत्तरं ज्या घरात महिनाअखेरीला डब्यांचे तळ दिसतात तिथल्या बाईसाठी आहेत. तिचा नवरा, सासू, आई आणि तिला तपासणाऱ्यांनीही ती वाचावीत.

अन्न असुरक्षितता म्हणजे उपासमारच ना?

उपासमार ही शेवटची पायरी. त्याआधी बऱ्याच पायऱ्या उतरून झालेल्या असतात. १९९६ साली रोमला झालेल्या जागतिक अन्न शिखर परिषदेने अन्नसुरक्षेची व्याख्या केली. तिचा आशय असा की सगळ्यांना, सदासर्वकाळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता आलं पाहिजे. ते बाजारात असलं पाहिजे आणि विकत घ्यायची ऐपतही असली पाहिजे. यातलं "सदासर्वकाळ" फार महत्त्वाचं. पहिले वीस दिवस भरपूर आणि शेवटचे दहा दिवस ओढाताण, हीसुद्धा असुरक्षितताच.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ही गोष्ट आठ प्रश्नांनी मोजते. पैशाअभावी किंवा इतर साधनांअभावी गेल्या बारा महिन्यांत असं झालं का: अन्न संपेल याची काळजी वाटली; सकस खाता आलं नाही; तेच ते खावं लागलं; एखादं जेवण टाळावं लागलं; हवं त्यापेक्षा कमी खाल्लं; घरातलं अन्न संपलं; भूक असून खाल्लं नाही; अख्खा दिवस उपाशी काढला. टंचाईतली बहुतेक घरं पहिल्या तीन-चार पायऱ्यांवर असतात. बाहेरच्याला तिथे काहीच दिसत नाही, आणि गर्भवतीच्या तब्येतीचं नुकसान नेमकं तिथूनच सुरू होतं.

आमच्या घरात दोन्ही वेळा चूल पेटते. मग हा प्रश्न आमचा नाहीच ना?

चूल पेटते म्हणजे घर जेवतं. ती जेवते का, हे वेगळं बघावं लागतं.

वाढणारी तीच असेल तर एकदा तिच्या ताटाकडे नीट बघा. मुलांना वाढून झालं, कामावरून आलेल्यांना वाढून झालं, म्हाताऱ्यांना झालं. मग ती पातेल्यात डोकावते. भाजी संपलेली असते, कडेला चिकटलेला रस्सा ती खरवडून घेते. मुलाने "अजून" म्हटलं तर तोही त्याच्या ताटात जातो. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "मला भूक नाही", "मी मघाशी खाल्लं", "मळमळतंय". गरोदरपणात मळमळ होतेच, त्यामुळे या शेवटच्या उत्तरावर सगळे पटकन विश्वास ठेवतात.

घराचं अन्न पुरेसं असूनही त्यातल्या एकीला ते पुरत नाही, हे जगभर दिसतं. अन्न कमी पडायला लागलं की सगळ्यांत आधी मोठ्या माणसांचे घास कमी होतात, मुलांचे शेवटी. आणि मोठ्यांतही आईचे आधी. हा त्याग कुणी तिच्याकडून मागून घेतलेला नसतो. तो न सांगता होतो, म्हणून दिसत नाही. तेव्हा "घरात अन्न पुरतं का?" या प्रश्नाला "हो" असं उत्तर आलं तरी थांबू नका. "काल दिवसभरात तू काय काय खाल्लंस, सकाळपासून सांग," असं विचारा.

गरोदरपणात नेमकं किती जास्त लागतं? दोन जिवांचं खावं लागतं का?

दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाने पहिल्या तिमाहीत दिवसाला सुमारे ८५ कॅलरी जास्त लागतात, दुसऱ्या तिमाहीत २८५ आणि तिसऱ्या तिमाहीत ४७५. प्रथिनांची वाढीव गरज अनुक्रमे सुमारे १, ९ आणि ३१ ग्रॅम. म्हणजे खरी मागणी शेवटच्या तीन महिन्यांत येते.

पण कॅलरींची गरज फार तर पाचव्या हिश्शाने वाढते, तर लोह आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व, गोळीत ते फॉलिक ॲसिड म्हणून असतं) यांची गरज दीडपट होते. अमेरिकी शिफारशींनुसार लोह १८ मिलिग्रॅमवरून २७ वर जातं आणि फोलेट ४०० मायक्रोग्रॅमवरून ६०० वर. थोडक्यात, ताट थोडंसंच मोठं व्हायला हवं, पण बरंच सकस व्हायला हवं. आणि हातात पैसा कमी असला की सकस तेच आधी कापलं जातं: फळं, अंडी, दूध, भाज्या. पोट भरणारं धान्य शेवटपर्यंत टिकतं. "चांगलं खा" हा सल्ला इथेच फुसका ठरतो, कारण काय चांगलं हे बाईला बहुधा ठाऊक असतं. अडतं ते पैशापाशी.

बाळ आईच्या अंगातून हवं ते ओढून घेतंच ना? मग मी कमी खाल्लं तर बिघडलं कुठे?

अर्धं खरं. कॅल्शियम कमी पडलं तर आईच्या हाडांतून काढलं जातं. लोहाच्या बाबतीतही बाळाला झुकतं माप मिळतं. पण आईचाच साठा रिता असेल तर बाळाला ओढून घ्यायला उरतं काय? शिवाय वार म्हणजे बाळाला पोसणारा अवयव. तोच नीट वाढला नाही तर पुढे अन्न असूनही ते पोहोचत नाही.

आणि समजा बाळाने घेतलंच सगळं, तर बाळंतपणाच्या वेळी आईच्या अंगात काय उरलं, हा प्रश्न राहतोच. रक्त कमी असलेल्या बाईला प्रसूतीतला नेहमीचा रक्तस्रावही झेपत नाही.

आई आणि बाळाला कोणते धोके संभवतात?

सगळ्यांत जास्त आढळणारा म्हणजे रक्तक्षय. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात (दुसऱ्या तिमाहीत १०.५ च्या खाली), आणि ७ च्या खाली तो गंभीर असतो. थकवा आणि धाप याला सगळे "पोटुशी आहे, होणारच" म्हणून सोडून देतात. सोडू नका, रक्त तपासून घ्या.

बाळाच्या बाजूने पहिली काळजी वजनाची. जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाला जंतुसंसर्ग, अंग गार पडणं, दूध ओढता न येणं असे त्रास जास्त होतात. फोलेट अगदी सुरुवातीला लागतं, कारण बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर कित्येक जणींना दिवस गेलेत हेच कळलेलं नसतं. आयोडीन फार कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आहारात कॅल्शियम फार कमी असलेल्या बायकांना ते पूरक दिलं की गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या गंभीर विकाराचा धोका कमी होतो, हेही सिद्ध झालेलं आहे.

याशिवाय नैराश्य, झोप उडणं, गरोदरपणातला मधुमेह हेही अशा घरांत जास्त आढळतं. सगळा दोष एकट्या अन्नाचा असतो असं नाही. जिथे अन्न कमी तिथे बहुधा विश्रांतीही कमी, कष्ट जास्त, दवाखाना लांब आणि डोक्याला घोर जास्त. हे धागे एकमेकांत गुंतलेले असतात.

मग हे अन्नामुळेच होतं याला पुरावा काय?

प्रश्न रास्त आहे. गर्भवतींना मुद्दाम उपाशी ठेवून प्रयोग करता येत नाहीत. पण इतिहासाने एक भयंकर प्रयोग करून ठेवला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, जर्मनांनी नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली. शहरांत माणशी शिधा दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली गेला. सर्वांत वाईट काळात ४०० ते ८०० वर आला. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि अन्न पुन्हा मिळू लागलं. उपासमारीची सुरुवात आणि शेवट दोन्ही ठाऊक होते, आणि प्रसूतिगृहांच्या नोंदी शाबूत होत्या. त्या वेळी पोटात असलेल्या मुलांचा माग पुढे पन्नासहून जास्त वर्षं काढला गेला.

ज्यांच्या आयांची उपासमार गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झाली, ती बाळं कमी वजनाची जन्मली. ज्यांच्या आयांची उपासमार सुरुवातीच्या महिन्यांत झाली आणि पुढे त्यांना पुरेसं खायला मिळालं, ती बाळं जन्मतः चांगल्या वजनाची होती. सगळं निभावलं असंच कुणालाही वाटलं असतं. पण पन्नाशीत याच गटात हृदयविकार जास्त निघाला. तेव्हा बाळाचं वजन चांगलं भरलं म्हणजे पोटात असताना काही कमी पडलं नाही, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

उलट दिशेचा पुरावा आफ्रिकेतल्या गांबियाचा. तिथल्या ग्रामीण भागात दरवर्षी पीक येण्याआधी टंचाईचे महिने येतात. गर्भवतींना गरोदरपणाच्या उत्तरार्धात रोज सुमारे १,००० कॅलरी देणारी, शेंगदाणे घालून केलेली बिस्किटं दिली गेली. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बाळांचं वजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढलं होतं, आणि टंचाईच्या महिन्यांत जन्मलेल्यांचं तर २०१ ग्रॅमने. मृत जन्मही घटले. पाचव्या महिन्यानंतर मिळालेलं अन्नही वाया जात नाही, हे यातून घेण्यासारखं. "आता सातवा लागला, आता काय उपयोग" असं म्हणून कुणी हात टेकू नयेत.

माझं वजन आधीच जास्त आहे. मला कसली कुपोषणाची भीती?

अंगावर चरबी असूनही रक्तात लोह नाही, हे अगदी सर्रास दिसतं. पैसे थोडे असले की पोट भरणारं, तेलकट, गोड आणि मैद्याचं स्वस्तात मिळतं. त्यात कॅलरी भरपूर, बाकी खडखडाट. शिवाय मिळेल तेव्हा भरपूर आणि मग दोन दिवस ओढगस्त, या चक्रात साखर वरखाली होत राहते. अशा बायकांत गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून जाड बाईला "तू खाऊ नकोस" हा सल्ला देणाऱ्याने आधी ती काय खाते ते विचारावं.

किती वजन वाढायला हवं?

सुरुवातीला वजन उंचीच्या मानाने ठीक असेल तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो, कमी असेल तर १२.५ ते १८, जास्त असेल तर ७ ते ११.५, आणि लठ्ठपणा असेल तर ५ ते ९. ही २००९ सालची अमेरिकी शिफारस बऱ्याच ठिकाणी वापरतात. म्हणजे जी बारीक आहे तिचं वजन जास्त वाढायला हवं, आणि नेमकं तिचंच वाढत नाही. वजनकाटा नसेल तर दंडाचा घेर मोजतात. तो २३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ती बाई कुपोषित असण्याची शक्यता धरून तिला आधी मदत मिळायला हवी.

रात्री काही न खाता झोपले तर चालेल का?

शक्यतो नको. गरोदर नसलेल्या बाईला जी रात्र सहज निभते, त्याच रात्रीत गरोदर बाईच्या रक्तातली साखर लवकर उतरते आणि शरीर चरबी जाळायला लागतं. संध्याकाळी सहाला खाल्लं आणि थेट सकाळी नऊला, असं रोज होऊ देऊ नका. अन्न तेवढंच असलं तरी त्याचे चार-पाच वाटे करा, आणि एक वाटा झोपण्याआधीसाठी राखून ठेवा. मूठभर शेंगदाणे किंवा कपभर दूधही पुरे. हा बदल फुकट आहे, त्यामुळे सगळ्यांत आधी करण्यासारखा.

भूक मारायला चहा पिते, कधी तंबाखू. त्याने काय होतं?

भूक दबते, गरज दबत नाही. जेवणाबरोबर घेतलेला चहा किंवा कॉफी अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. जेवणाआधी आणि नंतर तास-दोन तास तरी मध्ये सोडा. तंबाखू ओढली काय, चघळली काय, बाळाचं वजन कमी करते. सोडवत नसेल तर तपासणीच्या वेळी सांगा. भुकेमुळे लागलेली सवय नुसत्या दरडावण्याने सुटत नाही.

माती, खडू, बर्फ खावासा वाटतो.

हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. लाजू नका, रक्त तपासा. मातीतून जंत आणि शिसं पोटात जाण्याची भीती असते.

पैसे अगदी थोडे आहेत. आधी काय घ्यावं?

बायकांचा आहार पुरेसा विविध आहे का, हे बघायला अन्नाचे दहा गट करतात: धान्य व कंदमुळं, डाळी-कडधान्यं, शेंगदाणे-तीळ यांसारख्या बिया, दूध व दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, पिवळी-नारिंगी फळं व भाज्या, इतर भाज्या, इतर फळं. काल दिवसभरात यांतले निदान पाच गट पोटात गेले असतील तर बरं चाललंय असं समजायचं. टंचाईच्या घरात हा आकडा दोन-तीनवर येतो: धान्य, थोडं कडधान्य, आणि चवीपुरती एखादी भाजी.

म्हणून हातात थोडेच पैसे असतील तर आणखी धान्य घेण्याआधी नसलेला एखादा गट आणता येतो का ते बघा. कडधान्यावरचा खर्च सहसा फुकट जात नाही. धान्यात जे प्रथिनांचे घटक कमी असतात ते कडधान्यात असतात आणि उलटही, त्यामुळे दोन्ही मिळून चांगलं काम होतं. भिजवून मोड आणले तर त्यांतलं लोहही जास्त लागू पडतं. मग पालेभाजी, जी त्या ऋतूत मुबलक आणि स्वस्त असेल ती. त्यावर लिंबासारखं काहीतरी आंबट पिळलं की पाल्यातलं लोह चांगलं शोषलं जातं. खात असाल तर अंडी आणि छोटे मासे. काट्यांसकट खाल्ले जाणारे मासे तर कॅल्शियमचा खजिनाच. मीठ आयोडीनयुक्तच घ्या.

पैसे कुठे घालवू नयेत, हेही सांगायला हवं. गर्भवतींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या चकचकीत डब्यांतल्या प्रथिनांच्या भुकट्या बहुतेकींना लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींत भरमसाट प्रथिनं असलेली पूरकं गर्भवतींना देऊ नयेत असंच म्हटलं आहे. जिथे बायका कुपोषित आहेत तिथे कॅलरी आणि प्रथिनं यांचा समतोल असलेलं अन्न द्यावं, असं त्यात आहे. एका डब्याच्या पैशात किती कडधान्य आणि किती अंडी येतील याचा हिशेब दुकानात उभं राहूनच करा.

लोहाच्या गोळीने मळमळतं, आणि पोटात अन्नही नसतं. बंद करू का?

बंद करू नका, वेळ बदला. रिकाम्या पोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण त्यामुळे उलटी होऊन गोळीच बाहेर पडत असेल तर त्या शोषणाला काय अर्थ? दिवसाच्या सगळ्यांत मोठ्या जेवणानंतर किंवा झोपताना घ्या. शौच काळं होतं, त्याला घाबरू नका. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, काही तासांचं अंतर ठेवा. नेहमीची मात्रा म्हणजे रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. रक्तक्षय असेल तर डॉक्टर लोहाची मात्रा वाढवतात. तरीही सहन होत नसेल तर गोळीचा प्रकार बदलून मागा. गोळ्या गुपचूप डब्यात साठत जातात आणि कार्डावर "घेतल्या" अशी नोंद होते, यात नुकसान तुमचंच.

गोळ्या घेतल्या की खाल्लं नाही तरी भागेल?

नाही. पंधरा सूक्ष्म पोषकद्रव्यं असलेल्या गोळीतही कॅलरी जवळजवळ शून्य असतात.

मला मधुमेहाचं इन्सुलिन दिलंय. पण जेवण मिळेलच याची खात्री नसते.

ही गोष्ट डॉक्टरांना आजच सांगा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका. जेवण गृहीत धरून ठरवलेला डोस जेवणाविना घेतला तर साखर एकदम खाली जाते: दरदरून घाम, हातापायांना थरथर, धडधड, गरगर, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा प्यावी, आणि मग काहीतरी खावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावं. पण इन्सुलिन आपल्या मनाने सोडूनही देऊ नका. जेवण चुकलं तर काय करायचं, कोणता डोस टाळायचा, कोणता अजिबात टाळायचा नाही, हे कागदावर लिहून मागून घ्या.

टाकून कसं देणार? शिळं, बुरशी आलेलं चालतं का?

आधीच कमी असलेलं टाकायला हात होत नाही, हे कुणालाही कळेल. तरी बुरशी आलेलं धान्य आणि शेंगदाणे खाऊ नका. बुरशीचं विष शिजवल्याने जात नाही. दूध उकळूनच घ्या. उरलेलं अन्न तासन्‌तास उघड्यावर न ठेवता झाकून थंड जागी ठेवा आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम करा. अन्नातून होणारे काही संसर्ग गर्भवतीला इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त होतात आणि बाळावर बेततात.

दवाखान्यात सांगायची लाज वाटते. कसं सांगू?

एकच वाक्य पुरे: "शेवटच्या आठवड्यात घरात खायला पुरत नाही, मी एक वेळ जेवते." कारणं द्यायची गरज नाही. हे कळलं तर डॉक्टरांचे निर्णय बदलतात: गोळ्यांची वेळ, औषधांचा डोस, वजनाची तपासणी किती दिवसांनी, पूरक आहारासाठी कुणाचं नाव आधी घालायचं. बऱ्याच देशांत गर्भवतींसाठी शिधा, शिजवलेलं अन्न किंवा रोख मदत अशी काही ना काही तरतूद असते, पण दाखल्यांअभावी आणि संकोचामुळे ती पडून राहते. "माझ्यासाठी कोणती योजना आहे, आणि अर्ज कोण भरून देईल?" हेही विचारा. अर्ज भरून देणारं माणूस मिळालं की अर्धं काम झालं.

तपासणाऱ्यांनाही एक सांगणं. हा प्रश्न सगळ्यांना विचारा, "गरीब दिसते" तिलाच नको. दिसण्यावरून अंदाज हमखास चुकतो. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना विचारू नका, खरं उत्तर मिळणार नाही. "तुमच्याकडे अन्न नाही का?" असं थेट विचारण्यापेक्षा "हल्ली बऱ्याच घरांत महिनाअखेरीला ओढाताण होते, तुमच्याकडे कसं आहे?" असं म्हटलं की बोलणं सोपं जातं. आणि उत्तर "पुरत नाही" असं आलं तर पुढे काय देणार आहात, याची तयारी आधी ठेवा. विचारून नुसतं लिहून घेणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

सतत रडू येतं, कशातच मन लागत नाही. हे भुकेमुळे का?

असू शकतं. उद्याची चिंता रोज डोक्यावर असली की झोप जाते, चिडचिड होते, आणि रक्तक्षयाने त्यात भर पडते. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर ते आजारपण समजून लगेच सांगा. घरात मारहाण होत असेल, किंवा कुणी मुद्दाम जेवण अडवत असेल, तर तेही सांगा. अन्न अडवणं हीसुद्धा हिंसाच आहे.

घरातल्यांनी काय करावं?

तिचं ताट आधी वाढा आणि ती जेवेपर्यंत समोर बसा. पाणी भरणं, ओझी उचलणं ही कामं वाटून घ्या. वाचलेली ताकदसुद्धा अन्नाइतकीच कामाला येते. मुलांसमोर तिला "अजून घे" म्हणा, म्हणजे मुलांनाही कळतं की तिचा वाटा तिचा आहे.

तातडीने दवाखाना कधी गाठायचा?

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हात एकदम सुजणं, बाळाची हालचाल कमी होणं, ताप, पोटात असह्य कळा, बसल्या जागी धाप लागणं, चक्कर येऊन पडणं. उलट्या इतक्या की पाणीही टिकत नाही आणि सात-आठ तासांत लघवी नाही, तर थांबू नका. आणि कित्येक दिवस जवळजवळ उपाशी असाल तर तिथे तसं सांगा. अशा वेळी सलाइनमधून साखर देण्याआधी ब१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, आणि आहारही हळूहळू वाढवावा लागतो.

मीच अर्धपोटी आहे, मला दूध येईल का?

येईल. दूध तयार होणं मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं यावर ठरतं. फक्त फार टोकाच्या उपासमारीत ते घटतं. मात्र ब जीवनसत्त्वं, जीवनसत्त्व अ, आयोडीन यांचं दुधातलं प्रमाण आईच्या खाण्यावर अवलंबून असतं. पहिले सहा महिने दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे गरोदरपणापेक्षाही थोड्या अधिकच. बाळंतीण झाली की घराचं लक्ष बाळाकडे वळतं आणि तिचं ताट पुन्हा मागे पडतं, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा. आणि पैशाची ओढ असताना डब्याचं दूध सुरू करू नका. डबा संपत आला की त्यात पाणी वाढतं, बाळ पोट भरल्यासारखं दिसतं आणि वाळत जातं.

पुढच्या बाळासाठी किती थांबावं?

एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्याआधी निदान २४ महिने, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रिता झालेला लोहाचा साठा भरायला आणि झिजलेलं अंग सावरायला तेवढा वेळ लागतो, आणि ज्या घरात खायला पुरत नाही तिथे त्याहूनही जास्त. फक्त अंगावर पाजल्याने गर्भधारणा टळते ती तीन अटी पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र केवळ आईचं दूध, आणि पाळी अजून सुरू झालेली नाही. यातली एकही अट सुटली की दुसरं साधन लागतं. त्याची चौकशी बाळंतपणाच्या आधीच, शेवटच्या तपासण्यांमध्ये करून ठेवा.